त्या एकाच ग्लासातला बर्फ

आमच्या दुकानाची पाटी वाऱ्याने पडली नाही. दातांच्या डॉक्टरने पाडली.

दुपार होती. रस्ता तव्यासारखा तापलेला. मी काउंटरमागे रसाचा जार घासत उभी होते, तेवढ्यात बाहेर टायर करकचले आणि धाडकन आवाज आला. फुटपाथवरची आमची पाटी, ‘थंड पेये, निवांत बसून प्या’, उताणी पडली होती आणि तिच्या छाताडावर एका गाडीचं पुढचं चाक होतं. गाडीच्या टपावर लाल अक्षरांत लिहिलेलं : शिकाऊ.

मी हातातला ब्रश घेऊनच बाहेर धावले.

“डोळे काय घरी ठेवून आलात?”

स्टिअरिंगमागचा टकलू माणूस पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दाराने जो उतरला, तो मात्र इतका शांत, की माझं डोकं आणखीच फिरलं. बाह्या नीट दुमडलेल्या, आवाज मऊ.

“चूक आमची. पाटी मी उभी करून देतो. डॉक्टर, तुम्ही क्लच जरा लवकर सोडलात. हरकत नाही, होतं असं.”

“हरकत नाही? हरकत मला आहे! आणि हे डॉक्टर?”

“दातांचे,” टकलू पुटपुटला.

“दुसऱ्याच्या दाढा उपटताना हात थरथरत नाहीत, आणि क्लचवर पाय थरथरतो होय?”

“दाढ रस्त्यावर पळत नाही हो, ताई...”

यावर तो शांत माणूस हसला. मान खाली घालून, चोरून, वर्गात हसू आवरत नसलेल्या पोरासारखा. गाडी शिकवणारा मास्तर होता तो. पाटी उभी केली, रुमालाने पुसली, वाकडा झालेला पाय सरळ केला आणि ‘आता आलोच आहे तर’ म्हणत खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. संत्र्याचा रस मागवला. बर्फ घालून.

डॉक्टर लिंबूसोडा घटाघट पिऊन पायीच घरी गेला. हा बसून राहिला. ग्लास दोन्ही तळव्यांत धरलेला, ओठांना लावायचं नाव नाही. मी दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे बघताना माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. रस्त्यावरून एखादी गाडी जोरात आली, की टेबलाखाली त्याचा पाय फरशीवर दाबला जायचा. ब्रेक! शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, त्याची सवय. गावभरच्या गाड्यांचे ब्रेक हा माणूस आमच्या दुकानात बसून दाबत होता. मला हसू आलं. पण पाटी पाडणाऱ्याला हसू दाखवायचं नसतं, म्हणून मी फ्रिजमध्ये तोंड घातलं.

बऱ्याच वेळाने तो ग्लास घेऊन काउंटरशी आला.

“एक विचारू? रागावणार नसाल तर...”

“रागावणार. विचारा.”

“यात पाणी घातलंय का?”

बस्स. मी फडकं आपटलं.

“मी पाणी घालते? मी?”

“तसं नाही म्हणत. पण चव... जरा पाणचट आहे.”

“बर्फ होता. वितळला. त्याचं पाणी झालं. बर्फ वितळून दूध होत नसतं!”

“पण रस गारच होता की. फ्रिजमधून काढताना मी पाहिला. गार रसात गार बर्फ टाकला, तर तो वितळावा का?”

मला उत्तर येत नव्हतं! रोज ढीगभर बर्फ मी माझ्या हाताने ग्लासांत टाकते, आणि तो का वितळतो, ते मला ठाऊक नव्हतं. त्याच्यापेक्षा मला स्वतःचाच जास्त संताप आला.

“ते बर्फाला विचारा!” मी म्हणाले.

आणि नेमके तेव्हाच काका बाटल्यांचा क्रेट घेऊन मागच्या खोलीतून आले.

आता काकांबद्दल सांगायला हवं. दुकान माझ्या बाबांनी काढलं. काउंटरखालच्या फरश्याही त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून बसवल्या. आई-बाबा गेल्यावर काका-काकूंनी मला वाढवलं, ते मी विसरलेले नाही. पण दुकान चालवते मी. शटर मी उघडते, ओट्यावरचा चिकटपणा मी घासते, बर्फाने बोटं माझी बधिर होतात. आणि काका? चुलतबहिणीचं लग्न ठरल्यापासून काकांना एकच काळजी. होणाऱ्या जावईबापूंचं मोबाइल कव्हरांचं दुकान बंद पडलेलं, त्यांना कुठे बसवायचं? बसवायला जागा एकच होती. माझी. मात्र बाबांच्या मुलीला कारणाशिवाय उठवलं असतं, तर काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून काका कारणाची वाट बघत होते.

मास्तर गेल्यावर काका म्हणाले, “गिऱ्हाईक बरोबर बोललं. गारात गार टाकलं, तर वितळायचं कारण काय? पाणी घातल्याशिवाय रस पाणचट होत नाही.”

“काका! मी घालेन पाणी? बाबांच्या दुकानात?”

“मग येतं कुठून? आकाशातून पडतं? हे बघ, पुन्हा तक्रार आली तर चावी जावईबापूंकडे. व्यवहार म्हणजे व्यवहार.”

व्यवहार! माझ्या बापाच्या फरशीवर उभं राहून हा माणूस मला व्यवहार शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी शटर उघडल्यावर मी फ्रिजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर ठाण मांडलं. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात. माझं उलट आहे, मला रागातच नीट दिसतं. वरच्या फळीवर काकांची पाण्याची बाटली होती. कायम असते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी ती हलवली. खळखळ वाजली.

पाणी. बर्फ नाही.

रात्रंदिवस फ्रिजमध्ये राहूनही त्या पाण्याचा बर्फ झाला नव्हता. म्हणजे फ्रिज गार खरा, पण बर्फाइतका गार नाहीच. आपल्या हाताला दोन्ही गार लागतात, म्हणून आपण दोन्ही सारखेच समजतो. बर्फाच्या लेखी मात्र ती बाटली म्हणजे शेगडी! शेगडीवर ठेवलेला बर्फ वितळणार नाही तर काय करणार?

मी एकटीच जोरात हसले. आणि हे आधी कुणाला सांगावंसं वाटलं? काकांना नाही. त्या ब्रेकवाल्याला! याचाही मला राग आला.

तो त्याच दिवशी आला. बसायच्या आतच मी सुरू झाले.

“ऐका. तुमचा रस गार होता, पण बर्फापेक्षा गरमच. बर्फ त्या रसातली ऊब ओढून घेतो आणि त्या उबेने वितळतो. म्हणून तर रस फ्रिजपेक्षाही गार होतो. नुसता शेजारी बसून बर्फ कुणाला गार करत नाही, वितळूनच करतो.”

“म्हणजे तो वितळतोय, तेच त्याचं काम?”

“तेच! आणि लोक काय म्हणतात? गारवा पाहिजे, पण बर्फ जसाच्या तसा राहिला पाहिजे. वा रे वा! राबायचं, पण राबल्याचं दिसायला नको. वर जरा पाणी झालं की चोर ठरवायचं!”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“तुम्ही... बर्फाबद्दलच बोलताय ना?”

“मग काय तुमच्या डॉक्टरबद्दल?” मी उगीच स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. “आणि तुम्हीही कमी नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून बसता. आत रसाची ऊब, बाहेरून तुमच्या हातांची. दिवसभर गाडीत तापलेले हात.”

“माझे हात गरम आहेत, हे तुम्हाला कसं कळलं?”

“काल... ग्लास देताना लागले.”

“लक्षात राहिलं?”

“भाजलं तर राहतं लक्षात,” मी म्हणाले आणि बर्फाच्या डब्यात नको इतका खोल हात घातला. कान तापले होते, बोटं गारठली होती. माझ्या अंगात दोन ऋतू आणि समोर हा माणूस, खालमानेने हसणारा.

मग तो रोज येऊ लागला. शिकवण्या आटोपल्या की गाडी पाटीपासून लांब लावायचा, आत यायचा, खिडकीशी बसायचा. शेवटी बर्फाची चकतीएवढी कपची उरली की पहिला घोट घ्यायचा आणि तपासनिसासारखा जाहीर करायचा, “पाणचट!”

“मग पिऊ नका!” मी इकडून ओरडायची.

“मागवलंय तर प्यायला नको?”

“मागवलं तेव्हाच प्यायला काय होतं? घशाला मुहूर्त लागतो?”

हा आमचा खेळ. त्या वेळी काका सहसा दुकानात नसायचे, म्हणून चालायचा. बाकी गिऱ्हाइकांना वाटायचं आम्ही भांडतोय. भांडतच होतो. फक्त त्याची यायची वेळ झाली की मी हात धुऊन केस नीट बांधायला लागले होते. कधी लागले, कळलंही नाही. एक दिवस फ्रिजच्या काचेत स्वतःला तसं करताना पकडलं आणि म्हटलं, बाई गं, तूसुद्धा?

एकदा मी विचारलं, “तुम्हाला राग कसा येत नाही हो? दिवसभर लोक तुमची गाडी कशावर ना कशावर घालतात.”

“येतो. पण शिकणारा आधीच घाबरलेला असतो. मी ओरडलो तर स्टिअरिंगच सोडेल.” तो ग्लासावरच्या थेंबांवर बोट फिरवत होता. “माझ्या बाजूला फक्त ब्रेक आहे. स्टिअरिंग नाही. गाडी कुठे जाणार ते दुसरा ठरवतो, मी फक्त थांबवतो.”

“आणि तुम्हालाच कुठे जायचं असलं तर?”

बाहेरून एक गाडी भरधाव गेली. त्याचा पाय फरशीवर दाबला गेला.

“तेव्हाही... पाय ब्रेकवरच जातो,” तो म्हणाला. “सवय.”

मला काहीतरी बोलायचं होतं. पण एक बाई पोरांचं लेंढार घेऊन आत आली आणि ते राहून गेलं.

काकांच्या धमकीबद्दल मी त्याला सांगितलं नव्हतं. मुद्दामच. दया दाखवलेली मला खपत नाही. सांगायला हवं होतं, पुढचं टळलं असतं.

त्या दिवशी काका जावईबापूंना घेऊन आले. जावईबापूंच्या हातात मोजायची टेप. मी उभी असताना, माझ्यादेखत, काउंटरची लांबी मोजली! “इथे लायटिंग करू,” म्हणाले, “जरा मॉडर्न लुक.” फ्रिजच्या दारात बघून केस सारखे केले आणि दोघे मागच्या खोलीत चहाला गेले. पडदा पडला. माझ्या कानशिलांत घण पडत होते.

मास्तर आला. नेहमीच्या जागी बसला. त्याला बिचाऱ्याला पडद्यामागचं काय ठाऊक? माझा चेहरा बघून त्याला वाटलं असेल, हिला हसवावं. शेवटी घोट घेतला, ग्लास उंच धरला आणि रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणाला,

“पाणचट! आजही पाणचट!”

पडदा बाजूला झाला.

“ऐकलंत जावईबापू?” काका म्हणाले. आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. “मी म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतंय. चावी दे, पोरी.”

मास्तर उभा राहिला. “चावी? कसली चावी? अहो, मी गंमत...”

“तुम्ही बसा!” मी त्याच्यावर कडाडले. “तुमच्या गमतीपायी माझं दुकान हातचं चाललंय!”

त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. पण तेव्हा मला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. मी फ्रिज उघडला, काकांची बाटली काढली आणि त्यांच्या नाकासमोर खळखळवली.

“हे काय आहे?”

“माझी बाटली. हात लावू नकोस.”

“आत काय आहे? बर्फ की पाणी?”

“पाणी.”

“का? एवढे दिवस फ्रिजमध्ये आहे, बर्फ का नाही झाला? कारण फ्रिज बर्फाइतका गार नाही! मग या फ्रिजमधल्या रसात बर्फ टाकला तर तो वितळणार नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणता? वितळणारच. पाणी मी घालत नाही, काका. बर्फ घालतो. तुम्ही मला चोर म्हणालात. बाबांच्या फरशीवर उभे राहून चोर म्हणालात!”

गिऱ्हाइकं स्ट्रॉ तोंडात धरून बघायला लागली. मागून काकू आल्या, लिंबं चिरत होत्या त्या सुरीसकट. काकांनी बाटलीकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, जिंकले. पण काका दुकानदार होते. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

“बरं. वितळतो. मग सगळ्यांचाच वितळेल. बाकी कुणी तक्रार करत नाही. या एकाच माणसाचा रस रोज पाणचट कसा?”

मी बर्फाच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं.

खरंच की... त्याच्याच ग्लासातला बर्फ का? सगळ्यांना मी एकाच डब्यातला बर्फ देत होते. एकाच जारमधला रस. मी मास्तरकडे वळले. सगळेच वळले.

तो टेबलाशी उभा होता. पाय फरशीवर घट्ट दाबलेला. इतका, की बुटाचं टोक दुमडलं होतं.

“बोला ना!” मी म्हणाले. “आता का बोलत नाही? तुमचाच का?”

“कारण... मी पीत नाही.”

“पीत नाही म्हणजे?” काका म्हणाले.

“रस वेळेवर पीत नाही. बाकी लोक लगेच पिऊन जातात, बर्फाला वितळायला वेळच मिळत नाही. मी तासभर नुसता धरून बसतो. मग त्याचं पाणी होणारच. त्यात यांची चूक नाही. कधीच नव्हती.”

“अहो, पण तासभर करता काय इथे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं, बाहेरच्या गाडीकडे पाहिलं... आणि मग त्याचा पाय उचलला गेला. मी पाहिलं. फरशीवरून पाय सुटला.

“यांच्याकडे बघत बसतो,” तो म्हणाला. “रस संपला तर उठावं लागतं. म्हणून संपवत नाही.”

कुणाच्या तरी स्ट्रॉचा फुर्र आवाज झाला. जावईबापूंच्या हातातली टेप सुटून सर्रकन गुंडाळली गेली.

आणि मी? मी लाजायला हवं होतं, नाही का? पदराआड वगैरे? माझं तर टाळकंच सणकलं.

“हे तुम्ही काकांना सांगताय?” मी ओरडले. “मी इथे उभी आहे ना! एवढे दिवस समोर उभी आहे! मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगणार होतो...”

“कधी? बर्फ संपल्यावर?”

“तुम्ही रागावाल म्हणून...”

“मी रागावतेच! त्याची वाट काय बघायची?”

काकू आधी हसल्या. तोंडाला पदर लावून नाही, चांगल्या खदखदून, सुरी हलवत. मग काकांकडे वळल्या.

“झालं समाधान? तक्रार रसाची नाहीये. माणूस पोरीकडे बघतो आणि बर्फ वितळतो, यात पोरीची चावी काढून घ्यायचं काय कारण?”

“अगं, पण हे असं दुकानात...”

“लपून तर नाही ना? भर दुकानात, तुमच्यासमोर म्हणाला. आणि त्या काउंटरची मापं पुन्हा घ्याल, तर याद राखा. भाऊजी गुडघे सोलवटून फरश्या बसवत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते सांगू का सगळ्यांसमोर?”

काका मला ‘चुकलं’ म्हणाले, असं समजू नका. ते अजून म्हणालेले नाहीत आणि मी अजून विसरलेले नाही. स्वतःची बाटली माझ्या हातातून घेतली, जागेवर ठेवली आणि मागे निघून गेले. पुढच्या आठवड्यात दाराशेजारच्या कोपऱ्यात जावईबापूंची मोबाइल कव्हरं लटकली. लटकू देत. चावी माझ्या कमरेला आहे.

गिऱ्हाइकं पांगली तेव्हा उन्हं उतरत होती. मास्तर अजून तिथेच उभा, शिक्षा झालेल्या मुलासारखा. मी दोन ग्लास घेतले. रस ओतला, बर्फ टाकला. मग काउंटरची फळी उचलून बाहेर आले. गिऱ्हाइकांच्या बाजूला बसायला मी कधीच आले नव्हते. त्या खिडकीतून काउंटर कसा दिसतो, तेही मला माहीत नव्हतं. चांगला दिसतो.

“बसा,” मी म्हणाले.

तो बसला. “राग गेला?”

“नाही.”

“मग?”

“राग आहेच. तुम्ही मला हसवायला ओरडलात, तेही मला कळलंय. दोन्ही एकदम असू शकतं.” मी ग्लास पुढे सरकवला. “आता मला सांगा. काकांना नाही, मला.”

बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवत भरधाव गेलं. मी टेबलाखाली पाहिलं. त्याचा पाय हलला नाही.

त्याने सांगितलं. हळू, अडखळत, मध्येच थांबत... ते मी इथे लिहिणार नाही. ते मला सांगितलेलं आहे. मीही सांगितलं, हात धुऊन केस बांधायचंसुद्धा. तो ग्लास धरायला गेला, मी ग्लास बाजूला केला आणि माझा हात तिथे ठेवला. बर्फाने बधिर झालेला. त्याचे दोन्ही तळवे त्याभोवती मिटले.

“केवढा गार आहे,” तो म्हणाला.

“होईल गरम. वेळ लागतो.”

बोलता बोलता दिवे लागले. दोन्ही ग्लासांत बर्फाचं नाव राहिलं नव्हतं. मी माझा ग्लास उचलून एक घोट घेतला.

शुद्ध पाणी होतं. संत्र्याची नुसती आठवण.

“कसंय?” त्याने खालमानेने विचारलं.

“काउंटरवर जाऊन तक्रार करा,” मी म्हणाले. “कुणी नाहीये तिथे.”